रकाना क्रमांक नऊ

दिल्लीहून निघालेलं धोरण
मुंबईत जरा टेकून, ओरोसला शिक्का घेऊन
आडबंदर ग्रामपंचायतीत पोचलं
तेव्हा ग्रामसेवक रजेवर होते.
पोच मी दिली. सही माझी: वि. गो. धुरत, लिपिक.
चौऱ्याऐंशी पानं. पहिल्यावर
एक हिरवा डबा आणि एक निळा
हातात हात घालून हसतायत.

डबे मागाहून आले, टेम्पोनं, घरटी दोन.
हिरव्यात आता आमसुलं मुरतात.
निळ्यात खारवलेला बांगडा. झाकण घट्ट बसतं,
मांजराचं काही चालत नाही.
लाभार्थी समाधानी, असं मी लिहिलं
आणि ते खोटं नाही.

मग नमुना आला.
रकाना चार: ओला कचरा, रोज किती किलो?
वाडीवाडीत फिरून विचारलं.
मासळीची आतडी माडाच्या आळ्यात,
फणसाची चारखंडं गाईला,
सोडणं चुलीत,
त्यातूनही काही उरलं तर कावळे.
लिहिलं, शून्य.
तालुक्याहून फोन: शून्य चालत नाही,
संगणक घेत नाही.
मग किती घेतो?
माणशी अडीचशे ग्रॅम घेतो.
तर आता आडबंदर रोज दोनशे दहा किलो कचरा करतं.
न केलेल्या कचऱ्याचं आम्ही खत करतो
आणि त्या खताची, मार्चअखेर, विक्री.

शेड बांधलीय सड्यावर, चांगली जांभ्याची.
घंटागाडी तिथवर जाते. खाली उतरायला पाखाडी,
सत्तावन्न पायऱ्या.
म्हणून ती वर उभी राहून नुसती गाते
आणि इनास ड्रायव्हर आत बसून जेवतो.

खाली वेळेवर, अगदी वेळेवर,
दिवसातून दोनदा
समुद्र आपली गाडी रिकामी करतो. घंटा न वाजवता.
चपला, बहुतेक डाव्या.
वाचता न येणाऱ्या लिपीतल्या शाम्पूच्या बाटल्या.
सलाईनची नळी.
एक बल्ब, न फुटलेला.
हे मला अजून कळलेलं नाही,
होड्या फोडणाऱ्या लाटेतून बल्ब अख्खा कसा येतो.
परवा रापणीला सहा टोपल्या पेडवे
आणि नऊ टोपल्या हे.

ह्याला रकाना नाही.
घरगुती आहे, बाजार आहे, बांधकाम आहे,
'इतर' आहे, पण खाली बारीक टाइपात:
गावानं स्वतः निर्माण केलेला.

द्वारका कोयंडेनं टोपली उपडी केली.
"दर्यान दिलेला दर्याक परत केला
तर ता खंयच्या रकान्यात लिवतलास?"
मी म्हटलं, परत करू नका.
"मग खंय ठेवू? तुमच्या शेडीत?"
शेडीला कुलूप. चावी साहेबांकडे.
साहेबांची बदली झालीय.

त्या रात्री पट्टी लावून, पेन्सिलीनं
मी नववा रकाना आखला: भरतीनं आलेला.
महिनाभर भरला. रोज, ओहोटीला, वजनकाटा घेऊन.
नमुना परत आला.
नववा रकाना पुसलेला होता, खोडरबरानं,
कोणीतरी हळू हातानं,
कागद न फाडता.

श्रावण अमावस्येच्या उधाणात
एक निळा डबा आला, झाकणासकट.
बुडाला कालवं चिकटलेली.
आमचंच माप, आमचीच योजना,
वर 'ग्रामपंचायत', पुढचं नाव खारानं खाल्लेलं,
शेवटाला नुसतं 'वाडी'.
किनाऱ्यावर वाड्या थोड्या आहेत का?
तिथंही एक लिपिक असेल.
त्यानं लिहिलं असेल, लाभार्थी समाधानी.
त्याला एक पोच पाठवावी असं
फार वाटलं.

द्वारकानं डबा वाळूनं घासला,
झाकण लावलं, काढलं, परत लावलं,
कमरेवर घेऊन पाखाडी चढली.
घरटी दोन.
तिच्याकडे आता तीन.
हे कुठं लिहायचं
ते मी अजून ठरवलेलं नाही.