पाण्याची पाळी

थंडी आधी भाणातून गेली.
एका सकाळी तोंड धुवायला पाणी तापवायचं राहून गेलं
आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.
मग ती रेवाच्या स्वेटरातून गेली.
तो आता दांडीवर, एका बाहीने लोंबकळतोय,
खिशात परीक्षेचं वेळापत्रक
आणि कोवळ्या बिब्ब्यांची सालं. डाग जायचा नाही.

कुळागरात मात्र ती राहते अजून,
पोफळींच्या मुळाशी, मिरवेलींच्या आडोशाला.
तिथे ऊन बारा ते अडीच येतं
आणि सरकारी माणसासारखं
उभ्या उभ्या बघून निघून जातं.

अंगणात सुपारी. चटईवर मिरी,
काल हिरवी होती, आज अर्धीअधिक काळी.
मी पायानेच परतते;
हात लावला की विसरून डोळा चोळला जातो.
डोंगरावरून काजींच्या मोहोराचा वास उतरतो,
गोड, जरासा आंबूस,
आणि सासरे पडवीतून म्हणतात, "पाणी उतरलं."
झर किती बोटं खाली गेली
ते त्यांना नाकाने कळतं.
माझं नाव कळत नाही.
कधी मी कृष्णी असते, त्यांची मागची बहीण,
कधी सुपारी सोलायला आलेली कुणी बाई.
"मजुरी मिळाली काय गे तुला?"
मिळाली, म्हणते मी.

माघ सरला की झरीचं पाणी वाटून घ्यायचं:
एक रात्र आमची, एक रात्र फटूच्या घरची.
नऊ वर्षं दोन्ही घरं बोलत नाहीत.
कारण एक पोफळ.
ती मागच्या वादळात आपसूक पडली,
नेमकी पाटात, दोघांच्याही हद्दीबाहेर.

त्या रात्री पाळी आमची.
उल्हास कुंडईला, कारखान्यात, त्याच्या पाळीवर.
दहाला मी पाट वळवून आले, आडवी झाले.
दोनला जाग आली: दाराची खीळ काढलेली,
कोपऱ्यात कुदळ नाही.
बॅटरी घेतली. रेवा झोपेतच म्हणाली,
"आई, सोळा नव्वे?"
एकशे चव्वेचाळीस. झोप.

ते पाटाच्या तोंडाशी, पोटरीभर पाण्यात,
अंगावर नुसती बंडी.
मातीचा बांध फोडून पाणी पलीकडे सोडत होते,
फटूच्या बागेत. आमचं सगळं पाणी.
"तापाने पडलाय तो," म्हणाले,
"पोरं लहान. रोपं मरतील त्याची."

फटू वारला त्याला सहा वर्षं झाली.
त्या पोरांचे केस पिकलेत.

मी कुदळ घेतली त्यांच्या हातून.
चार घाव घातले असते तर
पाणी परत आमच्याकडे वळलं असतं.
पण ते जात होतं तिकडे अंधारात,
वाळलेल्या झावळ्यांखालून, असा आवाज करत
जसं कुणी पुष्कळ दिवसांनी
आपल्याच घरात दिवा न लावता शिरतं.
पलीकडे उजेड हलला. शेवंती, फटूची सून,
डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.
तिने बॅटरी खाली धरली. मीही धरली.
दोन उजेड, मध्ये पाणी,
आणि मधोमध हा माणूस, हिशेब नसलेला.
"काका," ती म्हणाली, मला नाही,
"थंडी आहे. घरी जा."
"कसली थंडी?" ते म्हणाले. "गेली ती."

पाय मात्र बर्फ होते.
भाणाखाली पुन्हा जाळ केला,
पायांवर पाणी ओतत राहिले
तोवर तांबटाने टुक टुक सुरू केलं.
उल्हास आला, चप्पल काढता काढता विचारलं,
"घेतलीस ना पाळी?"
घेतली, म्हटलं.

पायरीवर केळीच्या पानाखाली
अर्धा कोवळा फणस होता, कापलेला,
कापल्या अंगाला नीट पुसलेला चीक.
कुणी ठेवला, रेवाने विचारलं.
मी विळी मांडली, हाताला तेल लावलं.

"मजुरी मिळाली काय गे तुला?"
पडवीतून आवाज आला.
बोटांना चिकटलेला चीक मी सोडवत होते,
उत्तर द्यायचं राहून गेलं.