गाळपेर

खाणगावच्या थडीवरून वाट निघते.
डावीकडे ऊस, उजवीकडे पाणी,
आणि पुढे गंगाधर भोई,
गळ्यात दुर्बीण, पायांत रबरी चपला.
धुकं असं, की पहिला अर्धा तास
आम्ही कानांनीच पक्षी मोजतो.

"तो टिळेवाला बोलला. ती जांभळी बाई.
ते लांब नाकाचे, चिखल चाचपणारे."
माझ्या तक्त्यात या नावांचे रकाने नाहीत.
मी लिहिते : चांदवा, अंदाजे दोनशे.

उसाच्या कडेला, ओल्या मातीत
पंजा. काठ अजून धारदार.
गंगाधर तो ओलांडत नाही, वळसा घालतो,
शेजारणीच्या दारातल्या रांगोळीला घालावा तसा.
"फडाला तोड लागली की
पिल्लं तोंडात धरून
पलीकडच्या फडात जाती बिचारी.
हिचं बिऱ्हाड कायम पाठीवर."

मनोऱ्याच्या लोखंडी पायऱ्या गार.
वर पोचतो तोवर धुकं फाटतं
आणि एक बेट दिसायला लागतं,
थापटे, तलवार बदकं, चक्रवाकांची जोडपी,
तीनशे चाळीस, तीनशे एक्केचाळीस,
एवढ्यात भोवत्याची सावली फिरते
आणि सगळा आकडा उडून जातो.

"बसतील," गंगाधर म्हणतो. "तिथंच बसतील."
बिडी काढतो, माझ्याकडे बघून परत ठेवतो.
"हे बेट नव्हतं, बाई.
माझ्या आज्याच्या वल्ह्याला इथं तळ लागत नव्हता.
गाळानं झालं.
गंगेतून वरचं जे जे येतं
ते बंधाऱ्याला अडून इथं बसतं.
नाशिकचं सगळं."
"सगळं?"
"तर."

रामकुंडावर गुरुजींना घाई होती.
मागे आणखी दोन घरची माणसं
हातात तांबे धरून उभी.
इथं अस्थी विरघळतात, ते म्हणाले होते,
काही म्हणजे काही उरत नाही.
फडक्याची गाठ माझ्याच्यानं सुटेना,
भावानं दातांनी सोडली.
तांब्या विसळून पिशवीत टाकला.
तो अजून ओट्याखाली आहे,
कुणी वापरत नाही.

बदकं उतरतात. तिथंच.
पाणथळीत हरभऱ्यासारखं काहीतरी उगवलंय,
कुणी न पेरलेलं.
त्याच्या कडेला एका पायावर
राखी बगळा.

हा मघाशी धुक्यात मोजला होता, गंगाधर सांगतो,
याचाच आवाज तो.
दोनदा धरू नका, साहेब लोक ओरडतात.

मी मान हलवते
आणि लिहिते :
राखी बगळा, एक.