घराखाली

होटगी रोडला, त्रेचाळीस डिग्रीत,
एक घर आलं आमच्या गॅरेजात.
नाशिकचं पासिंग, खिडक्यांना पडदे, मागे शिडी,
आणि गिअर पडताना एक उसासा,
जिना चढता चढता कुणी मध्येच थांबावं तसा.

उपासनी म्हणाले, ऑटोमॅटिक आहे, नव्वद हजार झाले,
गिअरचं तेल कधी बदललंच नाही.
कंपनी म्हणते, जन्मभर लागत नाही.
मी विचारलं, कुणाच्या जन्मभर?
ते हसले नाहीत. कुमुदताई हसल्या, आतून,
ओट्याजवळून.

पाठीवर सरकत आत गेलो.
शेकडो गाड्यांखाली गेलोय आजवर,
घराखाली पहिल्यांदाच.
नाकापासून वीतभर वर कुणाचं तरी स्वयंपाकघर.
पावलं. डब्याचं झाकण. आणि भांडण, थेट कानात:
बिदरकडे वळायचं की विजापूरवरून हंपी,
आणि मुलाला फोन कुणी करायचा.

आमचं घर विडी घरकुलात.
ते कुठं जात नाही.
आईच्या मांडीवरचं सूपही
पंचवीस वर्षं त्याच फरशीवर.

शेवटचा बोल्ट फिरला.
कोमट तेल मनगटावरून कोपरापर्यंत उतरलं,
चहाच्या रंगाचं नव्हे, चोथ्याच्या.
तौफिकनं पाण्याच्या बाटल्यांत मोजलं: चार, वर थोडं.
निघालं तेवढंच भरायचं, हे पहिलं.
दुसरं हे की निघालं तेवढंच नसतं.
निम्मं कन्व्हर्टरच्या पोटात अडून बसतं,
बोल्ट काढला म्हणून येत नाही.

पॅनच्या तळाशी लोहचुंबक,
त्यावर राखाडी गाळ, काजळासारखा.
बोटांत चोळला. कणी लागली नाही.
"काय निघालं?" उपासनी वाकून.
झीज, म्हटलं. चालल्याची आहे, तुटल्याची नाही.

तेवढ्यात नाना डबा घेऊन आले.
चाळीस वर्षं डाईंगमध्ये गेलेली, नखं अजून जांभळी.
मी टॉवेलच्या चिंधीवर एक थेंब नव्याचा टाकला,
शेजारी एक जुन्याचा.
नानांनी चष्मा कपाळावर ढकलला,
चिंधी उन्हात धरली, मग हुंगली.
"जळका वास हाय जरा. समदं काढू नको."
का?
"हौदातलं जुनं पाणी पार ओतून दिलं
की पहिली लडी रंग धरत नाही."

मशीन लावून सगळं धुऊन काढता आलं असतं.
बिलही तिप्पट झालं असतं.
मी मशीनकडे पाहिलं, मग चिंधीकडे.
"निम्मंच बदलू," म्हटलं. "पाच हजार किलोमीटरनी पुन्हा निम्मं."
कुमुदताई दारात, हातात लाटणं:
"म्हणजे जुनं कधीच पूर्ण जाणार नाही?"
निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं. नाही ताई.
"बरं," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.
ते बरं कसलं होतं, मला कळलं नाही.

लेव्हल पाहायची तर इंजिन चालू, जमीन सपाट.
सपाट जमीन आमच्याकडे एकच, वजनकाट्यासमोरची.
तिथं घर उभं केलं. उपासनींचा पाय ब्रेकवर,
हात दांड्यावर: पी, आर, एन, डी,
प्रत्येक घरात पाच पाच श्वास.
डिपस्टिक पुसली, बुडवली, पुसली, बुडवली.
दोन खुणांच्या मधोमध लालसर ओल.

निघताना नानांनी आपल्या डब्यातल्या
दोन कडक भाकरी कागदात बांधून दिल्या.
"म्हैनाभर टिकतात. घर कुठंबी गेलं तरी."

घर विजापूर रस्त्याला लागलं.
वळणावर गिअर बदलला, मी कान दिला.
उसासा नव्हता.
म्हणजे होता, पण निम्मा.

घर उभं होतं तेवढी जमीन
अजून जरा कमी तापलेली.
गॅरेजचं कुत्रं तिथं येऊन बसलं,
वर पाहिलं,
छप्पर कुठं गेलं म्हणून.