रिती

चिरेखाणीत रविवारी सकाळी आम्ही सात जण.
खाण बंद होऊन सहा पावसाळे झाले, तळाशी हिरवं पाणी,
समोर करवतीच्या खुणांची तांबडी भिंत, वीस हात उंच.
रुझारबाब म्हणाले, "ही भिंत आहे म्हणून आपण इथे.
घरी लक्ष्यामागे भिंत नसते, शेजारी असतो."

निवृत्त हवालदार. गळ्यात शिट्टी, खिशात बाजाराची यादी.
तीन रविवार त्यांनी काडतूस दाखवलंच नाही.
नुसतं धरायला शिकवलं: नळी जमिनीकडे,
बोट घोड्याबाहेर, लाकडावर सरळ,
झोपलेल्या मुलावरून हात आवरून घ्यावा तसं.

कुष्टा वेळीप कंटाळला. त्याच्या सुरणात रानडुकरं रोज.
वाळपईचा रायकर सराफ कंटाळला नाही, तो घाबरलेला होता.
"रात्री कोण आत शिरला तर?"
"दार लाव. पोरांना एका खोलीत घे. फोन कर.
मोठ्यानं सांग, बंदूक आहे."
"आणि तरी आला तर?"
रुझारबाबांनी शिट्टी सदऱ्याला पुसली.
"तर आधी दिवा लाव.
माझ्या नोकरीत असे दोन चोर मेलेले बघितले मी.
एक चोर होता.
दुसरा पुतण्या, काला बघून उशिरा आलेला."

मी बापाच्या परवान्यासाठी आलेले.
तो शिमग्यानंतर गेला. ठाण्यात म्हणाले,
वारसानं ठेवायची तर दाखला आणा, नाहीतर जमा करा.
चौथ्या रविवारी बंदूक माझ्या हातात.
"ही कशी आहे?"
"भरलेली."
त्यांनी ती मोडून उघडली, नळीतून मला आभाळ दाखवलं.
"आणि आता?"
"भरलेली."
कुष्टा हसला.

आमच्या पुढच्या दाराला एक भोक आहे.
मी नऊ वर्षांची. चवथीआधीची साफसफाई,
बाप सोप्यावर बंदूक पुसत होता, मी दाराआड काजू सोलत.
"रिती आसा गो," तो आईला म्हणाला.
भाजलेली एक बी हातून घरंगळली, म्हणून मी वाकले.

नंतर बराच वेळ तो तो एकच शब्द म्हणत राहिला,
रिती, रिती,
जसा कुणी दुकानात परत आलेले सुटे पैसे मोजतो.
आईनं पेज वाढली चौघांना, हात न कापता,
मग विहिरीवर गेली आणि अंधार पडेतो आली नाही.
दुसऱ्या दिवशी भोकावर सोसायटीचं कॅलेंडर लागलं.
दर जानेवारीत नवं, त्याच खिळ्याला.
अडतीस कॅलेंडरं. कुणी काही बोललं नाही.

मी बार काढला. खांद्याला धक्का, कानात शिटी,
भिंतीतून तांबडी माती सुटून पाण्यात पडत राहिली,
आवाज संपल्यावरही.
"बरं झालं. आता उघड. बघ. बोट घालून बघ."
नळी गरम होती. मी बोट घातलं.
परत घातलं.
तिसऱ्यांदा घालताना रुझारबाबांनी तोंड फिरवून
पाण्याकडे बघितलं, आणि मला थांबवलं नाही.

घरी बंदूक एका कपाटात, काडतुसं दुसऱ्या पेटीत,
किल्ली कुठे ते मी इथे लिहिणार नाही.
कॅलेंडर काढलं, एप्रिलच चालू असताना.
सकाळी भोकातून उन्हाची काठी आत आली,
आणि माझ्या कमरेच्या जरा वर टेकली.
मी तिथून हलले नाही,
ती हलून जमिनीवर उतरेपर्यंत.

परवा रात्री दोनला कुष्टाचा फोन.
"डुकरं आली, सहा-सात आहेत. तुझी घेऊन येतेस?"
मी विचारलं, "सुरणाच्या मागे काय आहे?"
तो थोडा वेळ बोलला नाही.
फोनमधून त्याच्या कुत्र्याचं भुंकणं, लांबचं.
मग म्हणाला,
"थांब. बघून सांगतो."