सात नंबरचं पार्श्वचित्र

रीम म्हणते, भेगा अजून हव्यात.
पडद्यावर तीनच सेकंद राहणार हे चित्र,
बघणाऱ्याला लगेच कळलं पाहिजे: पाणी नाही.

मी भेगा वाढवते.
भेगांचा ब्रश तयार मिळतो, एका फटकाऱ्यात
अख्खं तळं सुकतं.
मग हात थांबतो. भेग पडायला आधी चिखल लागतो
आणि चिखलाला पाणी.
इथे मनाम्यात खिडकीबाहेर जी जमीन आहे
ती पिठासारखी, भुरभुरीत;
सहा वर्षांत तिने
एकदाही तोंड उघडलेलं मी पाहिलं नाही.

माझ्या ओळखीची टंचाई निळी आहे.
मनमाडला नळ अठरा दिवसांनी, कधी वीस.
ओळीने निळी पिंपं, प्रत्येकावर खडूने तारीख,
सगळ्यात जुन्या तारखेचं पाणी आधी वापरायचं,
घरातला एवढा एकच कायदा कुणी मोडला नाही.
पाहुणा आला की आई तोंडभर हसायची
आणि तिची नजर पिंपाकडे जायची.

इथली तर दिसतही नाही.
नळ सोडला की पाणी येतं.
जुलैत इतकं कढत येतं
की आम्ही गीझर बंद करून
त्यातलं पाणी गार म्हणून अंगावर घेतो.
दुभाजकावर हिरवळ,
रात्री दोनला तिच्यातल्या नळ्या फुसफुसू लागतात.
समुद्रातून मीठ उपसायला किती जाळावं लागतं
ते बिलावर छापत नाहीत.
हे कुठल्या खाकीत रंगवू?

शेजारच्या टेबलावर मकी फिल्मचे आवाज जोडतो.
त्याला विचारलं. म्हणाला,
माझा आजोबा समुद्रात बुडी मारून पाणी आणायचा.
गोडं.
तळाशी वाळूतून झरा उकळ्या मारायचा,
पखालीचं तोंड त्यावर धरायचं,
भरली की मुठीत आवळून वर यायचं.
चहूकडे खारं, काखेत गोडं.
आणि आता?
मकीने हेडफोन कानांवर चढवले.

संध्याकाळी मागच्या जिन्याने उतरले.
एसीची नळी, खाली तोफज्जलची बादली,
टप्, आणि बऱ्याच वेळाने
टप्.
दूध पावडरच्या डब्यात त्याने कढीपत्ता लावलाय,
दिवसभराचं सगळं त्याला.
बादली उचलली तेव्हा फरशीवर
गोल उरला, बांगडीपेक्षा मोठा, थाळीपेक्षा लहान.
बघता बघता तोही आटला.

पार्श्वचित्रात माणूस नसतो.
माणूस नंतर येतो, दुसऱ्याच कुणाच्या हातचा,
माझ्या जिन्यावरून चालत जातो
आणि मी रंगवलेल्या भिंतीला टेकत नाही कधी.
म्हणून मी जागा सोडते. एवढंच माझं काम:
कुणीतरी येऊन उभं राहील इतपत ऊन,
इतपत सावली.

रात्री सगळ्या भेगा पुसल्या.
जिना काढला, नळी काढली,
बादली काढली आणि तिच्यात काठोकाठ पाणी,
वर ट्यूबलाइटची थरथरती पट्टी, जीव ओतून;
कुठे होतं ते ठाऊक असल्याशिवाय
नाही कसं काढणार?
मग त्या थराचा डोळा मिटला.
पुसला नाही, फक्त मिटला.
फरशीवर गोल राहिला.

फाइलचं नाव:
वृंदा, सात, शेवटचं, खरंच शेवटचं.

सकाळी रीम बराच वेळ बघत उभी.
भेगांबद्दल काही बोलली नाही.
स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन
नळीच्या बाजूला भिंतीवर बोट ठेवलं:
ही खडूने लिहिलेली तारीख कसली?

माझ्या लक्षातही नव्हतं.
अक्षर आईचं होतं.