साडेतीन इंच

देवदिवाळी उलटली की सड्यावरची वाट घट्ट होते,
म्हणून रविवार तोच ठरला.
मिठबावात, माझ्या अंगणात,
चार कोपऱ्यांना जांभ्याचे चिरे, एकावर एक तीन,
आणि वर जीप,
चाकं काढलेली, पोट उघडं,
डॉक्टरपुढे उभ्या केलेल्या म्हशीसारखी अवघडलेली.

नव्या कमानी कोल्हापूरहून एसटीने आल्या होत्या,
गोणपाटात, ग्रीसचा वास घेऊन.
जैनू मुजावर रापण सोडून आला,
मनगटापर्यंत खवले.
तातो जुवाटकर एकवीसचा पाना विसरला,
जिलेबी विसरला नाही.
रुजायने उजवा पाय हातानेच उचलून दुमडला
(तो लहानपणी एका तापात गेलेला)
आणि फळीवर पाठ टेकून सरपटत आत शिरला.
मग दुपारपर्यंत आम्हाला दिसले
ते त्याचे दोन तळवेच:
एक राठ, भेगाळलेला,
एक कोवळा, भुईची ओळख नसलेला.

मागचा यू-बोल्ट सुटेना.
वीस वर्षं समुद्र थोडा थोडा येऊन
त्याच्या आट्यांत बसला होता.
डिझेल ओतलं. घण घातला.
तातोने शिव्या दिल्या, जैनूने त्या दुरुस्त केल्या.
खालून आवाज आला, "मारू नकात. तापवा."
निळ्या ज्योतीत लोखंड लाल झालं, मग मऊ,
मग एकदम सुटलं,
आणि जैनू पान्यासकट मागे गेला
तो थेट दोडक्याच्या वेलात.

जुनी कमान बाहेर आली.
कमान कसली, मोजपट्टीच.
वीस मोसमांच्या आंबापेट्या,
एकदा जेटीवरून बंद पडलेलं इंजिन,
एकदा, रात्री दोनला, तातोची बायको, कळा देणारी.
तिने पाठ कधी सपाट केली
आमच्या लक्षातही आलं नाही.

जेवायला तिरफळं घातलेलं बांगड्याचं कालवण.
ग्रीस काही बोटांवरून गेलं नाही, ते भाताबरोबर गेलं.

चार वाजता चिरे काढले.
गाडी खाली आली, पण पूर्वीइतकी नाही.
तातोने टेप लावली. साडेतीन इंच.
भोवती फिरलो आम्ही,
आपलाच पोरगा एका सुट्टीत उंच होऊन आल्यासारखे,
जरा अभिमान, जरा परकेपणा.

"रुजाय, पुढे बस."
त्याचा नेहमीचा हिशोब: हात काचेच्या चौकटीला,
डावा पाय काठावर, आणि एक झोका.
झोका साडेतीन इंच कमी पडला.
पुन्हा. पुन्हा कमी.
तो हसला. आम्हाला हसता येईना.
शाफ्टचा कोन मोजला होता आम्ही,
ब्रेकच्या नळीची लांबी, शॉकअपची धाव,
सगळं त्यानेच सांगितलेलं,
आणि त्यालाच कुणी मोजलं नव्हतं. त्यानेही नाही.

जैनू उचलायला पुढे झाला.
"हात लाव नको," रुजाय म्हणाला,
"तो जुनो पाटो हाड हय."

त्याने तो हातभर कापला,
दाराखाली धरला, डोळ्यावर काच ओढली.
आम्ही उजेडाकडे पाठ केली, समुद्राकडे तोंड.
आपापली सावली अंगणात उडताना बघत राहिलो.

सांजवेळी सड्यावर.
पुजाऱ्यांच्या गडग्यापाशी कातळाचा एक दात आहे,
गियरबॉक्सखाली त्याचा ठण्णकार
शाळेच्या घंटेइतका पाठ.
चौघांनी सवयीने बुडं उचलली, दात आवळले.

काही नाही.

"गेलो?" तातोने विचारलं.
"गेलो."
"माका खरा वाटत नाय. मागे घे."

मागे घेतली. उतरलो.
रुजाय आपल्या पायरीवरून, कुणाला न विचारता, सगळ्यांआधी.
दगड तिथेच होता,
टोकावर वीस वर्षांचं काळं तेल, थोडं लोखंड.
तातोने त्याला उगाच चपलेने टोकरलं.
कुणीतरी आणखी एकदा वरून जाऊया म्हणालं.
गेलो.