चार मागं, एक पुढं

छत्तीसचा नट. साठ वर्षं कुणी हात लावला नसावा.
डेरिक हॉल्ड्सवर्थ आत ब्रेक दाबून बसलेला,
मी पान्याला पाइप लावून पाइपावर उभी,
अडुसष्ट किलो, अधिक डिसेंबरचे कपडे.
तेव्हा सुटला, कुरकुरत,
वाटणीच्या कागदावर अखेर सही करणाऱ्या चुलत्यासारखा.

टॉडमर्डन. घरांच्या मागची दगडी बोळ.
व्हॅन चौसष्टची. आधीच्या मालकानं पुढनं खाली बसवली,
मागचं राहून गेलं. पैसे संपले म्हणून, किंवा बायको गेली म्हणून.
डेरिक दोन्ही सांगतो.
तेव्हापासून ती दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी,
चोच रस्त्याला, शेपूट वर.
आणि पन्नासच्या वर नेली की असं किंचाळायची
की मागच्या लॉऱ्यांना दया यायची.

मागच्या चाकांजवळ दोन छोट्या गिअरपेट्या असतात.
त्या काढायच्या, सरळ ॲक्सल घालायचा,
गाडी मागनं साडेतीन इंच खाली येते
आणि लांब ढांगा टाकायला लागते.
डेरिकनं हे मला बशीत बिस्किटं मांडून समजावलं.
मला माहीत होतं. मी बिस्किटं खाल्ली.

बस डेपोतून रिटायर झालेला माणूस.
त्याचे पाने सगळे इंचांचे, गाडी मिलिमीटरची,
तरी हात चुकत नाही.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातली. आप्पांचं गिअर कटिंगचं दुकान,
चपलेच्या तळव्यात रुतलेला लोखंडाचा कीस.
लेथजवळ जायची बंदी. वेणी अडकते म्हणायचे.
वेणी कापून आले, तर बिलबुक हातात दिलं.
इथं औषधांच्या दुकानात गोळ्या मोजते,
आणि कागदी पिशवी देताना हात उलटा धरते,
नखं दिसू नयेत म्हणून.

रॉचडेलहून दुसऱ्या व्हॅनची गिअरबॉक्स आणली,
गोणपाटात गुंडाळून, मागच्या सीटवर पट्टा लावून.
जुनीतलं तेल सोडलं तेव्हा बोळभर हिंग.
शेजारच्या म्युरिअलनं खिडकी उघडून विचारलं,
आज काय शिजवतेस?

रविवार, दुपारचे तीन, उजेड संपत आलेला.
पहिला गिअर घातला, क्लच सोडला,
व्हॅन सावकाश मागं गेली,
म्युरिअलच्या कचऱ्याच्या डब्यात.
दुसरा घातला. आणखी जोरात मागं.
तिसरा घालायची छाती झाली नाही.
मग रिव्हर्स,
आणि बाईसाहेब पुढं निघाल्या, पाहुणीसारख्या.

डेरिकनं टोपी काढली, परत घातली.
मागं जायचं असलं, म्हणाला, तर याहून चांगली गाडी नाही.

कोल्हापुरात साडेआठ. आप्पा ताटावर.
फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला, अर्धा चेहरा, अर्धी भाकरी.
छोट्या पेट्या काढल्यास?
काढल्या.
मग दिशा उलटणार नाही? क्राउन पलटी कोण करणार, तुझा बाप?
आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतके हसले
की आईनं आतून येऊन विचारलं, काय झालं ह्यांना.

हसू ओसरल्यावर बोट चाटत म्हणाले,
बॅकलॅश किती ठेवणारेस?

हा प्रश्न ते फक्त बाबू सुताराला विचारायचे,
आणि मिरजेच्या एका म्हाताऱ्याला.
मी आकडा सांगितला.
थोडा कमी कर, म्हणाले,
आणि भात मागितला.

परत सगळं खाली. परत हिंग.
क्राउन उलट बाजूला बसवून
पातळ पत्र्यांनी फट जुळवत तीन रविवार गेले,
डेरिकची कंबर धरली, माझा एक अंगठा काळानिळा.

फेब्रुवारीत हेब्डन ब्रिजच्या रस्त्याला चौथा टाकला.
साठ. इंजिन नुसतं गुणगुणतंय.
कालव्याच्या पुलाजवळ स्पीडब्रेकरला पोट घासलं,
दोघंही काही बोललो नाही.

म्युरिअलला मी नवा डबा आणून दिला.
ती अजून चीर पडलेलाच वापरते.